ऑगीचं हसू

लेम स्प्रॅगच्या विजारीला मागून कापसाची गादी शिवायचं काम माझ्याकडे होतं. ईडनडेलच्या त्या टीचभर सिनेमा स्टुडिओत त्यानं पडायचं आणि मी शिवायचं, असा आमचा संसार कित्येक वर्षं चालला. एरवी लेम म्हणजे अगदी मिळमिळीत माणूस. जेवणाच्या सुट्टीत कोपरा धरून डब्यातले थंड बीन्स खाणार, कुणी हाक मारली तर आधी दचकणार. पण कॅमेऱ्यासमोर शिडीवरून, गच्चीवरून, चालत्या फोर्डमधून असा काही पडायचा की बघणाऱ्याची मुरकुंडी वळावी.

पडायचा तो ऑगीसाठी. ऑगी लिंडक्विस्ट आमचा कॅमेरामन, आडव्या बांध्याचा स्वीडिश गडी. मूकपटांच्या काळात सेटवर नुसता बाजार भरलेला असे. दिग्दर्शक ओरडतोय, पलीकडे सुतार ठोकतायत, आणि कॅमेऱ्याचं हँडल फिरवता फिरवता ऑगी खदाखदा हसतोय. हसला तरी त्याच्या हाताची लय कधी मोडायची नाही. पडल्या पडल्या लेम त्याच्याकडे कान लावायचा. हसू चटकन फुटलं तर काम झालं. रेंगाळत आलं तर हा मुकाट्यानं पुन्हा शिडीवर. दिग्दर्शकाला त्यानं कधी विचारलं नाही. ऑगीला खोटं हसताच यायचं नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

मग बोलपट आले आणि भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मालक हॅस्कलसाहेबांनी लेमला बजावलं की एक बोलपट करून दाखव, चालला तर पुढचा करार, नाहीतर नारळ. लेमच्या आवाजाची सगळ्यांना धास्ती होती, पण आवाज बरा निघाला, जरासा नाकातला एवढंच. संकट आलं ते भलतीकडून. कॅमेरा घरघरतो म्हणून ऑगीला कॅमेऱ्यासकट एका बंद खोपटात कोंडलं. पुढे तेवढी एक काच. सेटवर हसणं सोडाच, शिंकायचीही चोरी झाली. लेमचा कांजीचा शर्ट कुरकुरतो म्हणून तोसुद्धा मी धुऊन मऊ करून दिला.

पहिल्या दिवशी लेम पडला आणि कुणी हूं की चूं केलं नाही. तो जमिनीवरूनच काचेकडे बघत राहिला. पुन्हा पडला, पुन्हा तेच. दुपारपर्यंत त्याच्याकडे बघवेना. मग तो पिठाच्या पिंपात पडला, तेव्हा ऑगीनं खोपटाचं दार किलकिलं केलं आणि हसला. अगदी जुनं, पोटातून आलेलं हसू. पीठ माखलेला लेमचा चेहरा उजळला, आणि पुढचं वाक्य त्यानं असं झोकात फेकलं की मीसुद्धा ओठ चावून धरले.

पण हसू आवाजाच्या यंत्रात शिरलं होतं. शॉट वाया गेला. हॅस्कलसाहेब तरातरा खाली आले आणि सरळ लेमसमोर उभे राहिले.

"सिनेमा तुझा आहे," ते म्हणाले. "हा माणूस ठेवायचा की नाही, तूच सांग."

लेम आपल्या बुटांकडे बघत होता. "कामाचा खोळंबा होतोय खरा," तो म्हणाला. "दुसरं कुणीतरी बघा."

ऑगीनं टोपी उचलली. जाताना माझ्यापाशी थांबला.

"ऑर्फा, डावीकडे कापूस वाढव. हल्ली बिचकून डाव्या अंगावर पडतोय तो."

मला लेमचा इतका संताप आला की त्या दिवशी ती गादी मी सुईनं भोसकून काढली. पण कापूस वाढवला.

नवा कॅमेरामन कामाला चोख होता आणि चेहऱ्यानं ठोकळा. सिनेमा पुरा झाला, ग्लेनडेलच्या थिएटरात लोकांना दाखवून पाहिलं. पडद्यावरचा लेम पडायचा आणि दर वेळी क्षणभर कान टवकारून थांबायचा. त्या थांबण्यात लोक खोकले, खुर्च्या वाजल्या, एक बाई शेजारणीला पावाची कृती सांगत होती. लेम माझ्या बाजूला हॅट मांडीवर घेऊन बसला होता. करार अर्थातच झाला नाही.

पुढच्या वसंतात तो मला घेऊन ऑगीकडे गेला. ऑगीनं डोंगरापलीकडे कोंबड्या पाळल्या होत्या. त्यानं आम्हाला कॉफी दिली, अंडी दिली, जुन्या गोष्टीचं नाव काढलं नाही. लेमनं तोंडानं माफी मागावी म्हणून मी त्याला दोनदा कोपरानं ढोसलं. तो उठला, खुराड्याच्या शिडीवर चढला आणि गादीबिदी काही नसताना धाडकन खाली आला. सुंदर पडला, पूर्वीसारखा.

ऑगीनं आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग हसला, चांगला मोठ्यानं.

लेमनं धूळ झटकली, अंड्यांची टोपली घेतली, निरोप घेतला. परतीच्या वाटेवर मोटारीत त्यानं टोपली मांडीवर धरून ठेवली होती.

"उशिरा हसला," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"त्याला खोटं हसता येत नव्हतं गं," लेम म्हणाला. "मी शिकवलं."