पत्ता बदलला

बडनेऱ्याच्या फलाटावर तुम्ही भावंडं रडत होतात आणि बाबांना आपलं फॉर्मचं पडलं होतं. गाडी हलली तरी खिडकीशी चालत म्हणत होते, "बी.ए. अर्धं टाकू नको, बाई. पोस्टानं शिक. जबलपूरलाही पोस्टमन असतोच." असा राग आला मला! लेक सासरी निघाली, आणि बाबा फॉर्म देऊन राहिले.

नवरा तोफांच्या कारखान्यात, जबलपूरच्या गढा वस्तीत दोन खोल्या. लढाई लागली तसा ओव्हरटाइम वाढला. हे घरी यायचे ते झोपायलाच. मी दिवसभर दार ते खिडकी, खिडकी ते दार. जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी फॉर्म भरला.

पोस्टानं शिकतात कसं, मला तरी कुठे ठाऊक होतं! छापील धडे पाकिटातून येत, शेवटी प्रश्न असत. उत्तरं लिहून पाठवायची, कधी न पाहिलेले सर लाल शाईनं तपासून परत धाडत. ठरलेली उत्तरं वेळेत पोचली नाहीत तर परीक्षेला बसू देत नसत.

आणि मी शहाणीनं धडे मागवले कुठे, तर अमरावतीला! फॉर्मवर 'पत्ता' दिसला आणि हातानं आपलं घरच लिहिलं. बाबा तिथून पाकीट पुढे पाठवत. दोन उत्तरं 'उशिरा' असा शेरा घेऊन, न तपासता परत आली.

हे चिडले. "एक कार्ड टाक न! पत्ता बदलायला काहून अडून बसली? चलो, मीच टाकतो."

"नको," म्हटलं. कारण धड्यांच्या कडेला बाबांची पेन्सिल असायची. 'हे समजलं नाही. तुला समजलं का?' चौथी शिकलेला माणूस पाकीट उघडून, वाचून, खळीनं चिकटवून पाठवत होता. उशीर होत होता तो त्यानंच. बाबांना हे सांगू कोणत्या तोंडानं?

पण आणखी एक उत्तर उशिरा पोचलं असतं तर वर्ष गेलं असतं. टाकलं कार्ड.

"दीदी, पैकेट!" पोस्टमननं हाक दिली. पुढचा धडा वेळेवर आला. कडा कोऱ्या. तो मांडीवर घेऊन मी हमसून हमसून रडले. मग उत्तर लिहिलं, पाठवलं, आणि वाचून झालेला धडा अमरावतीला धाडला. बाबांचं कार्ड आलं, 'धडा पावला. आता माझी उत्तरं कोण तपासणार?' मला थट्टाच वाटली. पुढचे धडेही धाडत राहिले.

मी पास झाले, इथल्याच शाळेत शिकवून रिटायर झाले. अजूनही कुणी कायमचा पत्ता विचारला की हात अडखळतो.

परवा तुम्ही बाबांची पेटी पाठवलीत. त्यात मी धाडलेले सगळे धडे आहेत, आणि प्रत्येकाला टाचलेली बाबांची उत्तरं, पेन्सिलीनं लिहिलेली. इतकी वर्षं तशीच पडून.

लाल शाईचं पेन आणलंय. रोज एक तपासते.