बसवराज उस्ताद आणि आम्ही दहा जण

ज्या माणसानं ट्रेनिंगमध्ये मला तीनदा "मेलास" म्हणून जमिनीवर झोपवलं, तो माणूस आज पहाटे उदगीरला वारला.

हवालदार बसवराज. आमचे उस्ताद. फौजेत शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात.

मी अर्धापूरचा. केळीच्या बागांमधून पळतच मोठा झालो. भरतीच्या ग्राउंडवर सगळ्यांत पुढं, ट्रेनिंग सेंटरलाही सगळ्यांत पुढं.
लई माज होता मला त्याचा.

उस्तादांनी माझी जोडी लावली बिलोलीच्या सलीमशी. धिप्पाड गडी, खांद्यावर लाइट मशीनगन, आणि पळायला सगळ्यांत मागं.

मी म्हणालो, "उस्ताद, जोडीदार बदलून द्या."
ते म्हणाले, "देतो. आधी ती टेकडी घेऊन दाखवा."

दहा जणांची आमची सेक्शन. नाला ओलांडायचा, वर टेकडीवर 'दुश्मन'. गोळ्या नुसत्या आवाजाच्या, पण धूर खरा आणि कानठळ्याही खऱ्या. पाच जणांनी फायर करायचं, तेवढ्यात पाच जणांनी पुढं जायचं. मग अदलाबदल.

मी नाला ओलांडला आणि सुटलो. एकटाच. सरळ टेकडीवर.
वर पोचून मागं बघतो तर उस्ताद शिट्टी फुंकत येऊन राहिलेत.

"माधव, मेलास. झोप."
"उस्ताद, मी तर सगळ्यांत आधी पोचलो."
"हाव. सलीमच्या गनपुढून पोचलास. तुला दुश्मनानं न्हाई मारलं, तुझ्या जोडीदारानं मारलं. झोप आता."

मग बाकीच्यांना म्हणाले, "आपला माणूस हाय. ठेवून जायचं न्हाई. उचला."

नऊ जणांनी मला उचलून खाली नाल्यापर्यंत आणलं. सलीमनं खांद्याखाली धरलं होतं. त्याचा घाम माझ्या तोंडावर पडत होता.
मला कुठं तोंड लपवू असं झालेलं.

तरी अक्कल यायला हे तीनदा व्हावं लागलं.

चौथ्या वेळी मी नाल्यात थांबलो. पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं.
डावीकडून सलीमची गन सुरू झाली. ती चालू आहे तोवर मी पळायचं. ती थांबली की मी आडवा आणि माझी रायफल सुरू.
धुरात तोंडं दिसत नव्हती, ऑर्डर ऐकू येत नव्हती, आणि तरी दहाही जण एका जिवानं वर चढून राहिलो होतो.

ते काय फिलिंग होतं, लिहितानाही अंगावर काटा येतोय.

वर पोचलो तर उस्ताद नाचत होते. खरंच नाचत होते. लई आनंद झाला की त्यांच्या तोंडी कन्नड यायचं. "बारो, बारो," म्हणजे ये रे, ये रे, करत एकेकाला मिठी मारत होते.
सलीम शेवटी आला. तो आल्यावरच त्यांनी स्टॉपवॉच बंद केलं.
"सेक्शनचा टाइम म्हणजे शेवटच्या माणसाचा टाइम," एवढंच म्हणाले.

जोडीदार बदलायचा विषय मी परत काढला नाही.

काही वर्षांनी, सीमेवर. जागा सांगत नाही.
मी आणि सलीम एकाच सेक्शनमध्ये. बाकी आठ जण वेगळे, ड्रिल तीच.
सकाळचं धुकं होतं. पहिल्याच फायरमध्ये आमच्या सेक्शन कमांडरच्या पायाला गोळी लागली. ते उघड्यावर पडले.

कुणी ओरडलं नाही. कुणी कुणाला विचारलं नाही.
डावीकडून सलीमची गन सुरू झाली.
मी वळून बघितलंच नाही. आवाज चालू आहे म्हणजे रस्ता मोकळा आहे. पळालो, कमांडरना पट्ट्याला धरून ओढलं. गन थांबली, मी आडवा, बाकीच्यांच्या रायफली सुरू. परत गन. परत दहा पावलं. असं करत करत मोठ्या दगडाआड आणलं त्यांना.


कमांडर आजही जरा लंगडतात. पण आम्ही दहाच्या दहा परत आलो.

फोन करता आला तसा पहिला फोन उस्तादांना लावला. तोवर ते रिटायर होऊन उदगीरला आले होते.
"उस्ताद, दहाच्या दहा आलो."
ते म्हणाले, "सलीमला दे फोन."
काय बोलले माहीत नाही. सलीम नुसता "हाव उस्ताद, हाव उस्ताद" करत डोळे पुसत होता.

मागच्या महिन्यात लातूरला दवाखान्यात त्यांना भेटलो. नाकात ऑक्सिजनची नळी. मी आता स्वतः सेंटरला उस्ताद झालोय हे ऐकलं आणि उठूनच बसले.
"आता वरून ड्रोन येतंय म्हणं. मग माणसं किती अंतरावर ठेवून राहिलास?"
मी सांगितलं.
"चुकलास. लई जवळ हायत."
माझ्या खिशातला पेन काढून औषधाच्या कागदामागं ठिपके मांडायला लागले. सिस्टर आल्या. "काका, झोपा बरं आता."
"दोन मिनिटं थांबा सिस्टर. माझी पोरं उघड्यावर हायत."
सिस्टर खरंच थांबल्या.

सेंटरला परतल्यावर त्या कागदाप्रमाणं पोरांना ग्राउंडवर उभं करून बघितलं. उस्तादांचंच बरोबर होतं. फोन करून सांगितलं तर म्हणाले, "मग?" आणि खोकला येईपर्यंत हसले.

आज दुपारी त्यांना लिंगायत रीतीप्रमाणं मातीत समाधी दिली. मी सुट्टीवर होतो म्हणून पोचलो.
सलीम तिकडं लांब पोस्टवर आहे, त्याला निघता आलं नाही. फोनवर म्हणाला, "माझ्या वाटणीची माती तू टाक."

मी दोन मुठी माती टाकली.

उस्ताद, आता निवांत पडा. आम्हा दोघांचाही जय हिंद.