झाकणताईंची वेबसाइट

आमच्या मजल्यावरच्या रफूवाल्या बाईंना झाकणताई हे नाव त्यांच्या नणंदेनं दिलं, आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे. घरात टीव्हीवर कापड, मिक्सरवर टोपडं, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी. सोफ्यावर तर जुन्या चादरीचा अभ्रा असा घट्ट शिवलेला, की आतला सोफा कोणत्या रंगाचा हे नवऱ्यालाही आठवत नसे. बेल वाजली की "आले, आले" म्हणत बाई आधी सगळं घर फिरून येत. जमिनीवर दोऱ्याचं टोक जरी दिसलं, तरी पाहुणा बाहेर उभा आणि बाई आत वाकलेल्या. पोस्टमन कंटाळून जिना उतरताना आम्ही पुष्कळदा पाहिला आहे.

कामही त्यांच्या स्वभावाचंच. भोक झाकायचं, आणि झाकलंय हे कळू द्यायचं नाही. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत काउंटरच्या टोकाला त्यांची खुर्ची असे. धुवायला आलेल्या कोटाला कसर लागलेली दिसली की लाँड्रीवाला मान न वळवता म्हणे, "ताईंकडे." मग त्या कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि भिंगाखाली एक धागा वरून, एक खालून घेत भोक विणून टाकायचं. संध्याकाळी गिऱ्हाईक कोट उजेडात धरून विचारी, "कुठे होतं हो?" बाईंना एवढं पुरे.

मग लाँड्रीवाला थकला, दुकान विकून मुलीकडे राहायला गेला. बाई भिंग आणि सुया घेऊन घरी आल्या आणि काम थांबलं. गिऱ्हाइकांना लाँड्री ठाऊक होती, खुर्ची ठाऊक होती. बाईंचं घर कुठे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यातच नवऱ्याच्या ओळखीनं तयार कपड्यांच्या कारखान्यात नोकरी चालून आली, बटणं लावायची. महिनाअखेरीपर्यंत काय ते कळवा, असा निरोप होता.

"बटणं मशीनच लावतं," बाई म्हणाल्या. "मी नुसती मशीनला बटणं भरवणार. एकदा तिथे गेले की हा हात गेला माझा."

"मग घरी बसून हात जपणार का?" नवरा म्हणाला. वाईट माणूस नव्हे. काळजी बोलायला लागली की तो असाच बोलतो.

हिशेबाच्या ऑफिसात काम करणारी नणंद रविवारी जेवायला येई. तिनंच वेबसाइटची कल्पना काढली. पहिलं पान आणि पत्ता-फोनचं पान तिनं करून दिलं, आणि बाकीची पानं कशी करायची ते वहिनीला शिकवलं. बाईंनी चिकाटीनं कोटाचं पान केलं, स्वेटरचं केलं, शालीचं, गालिच्याचं. लाँड्रीत असताना हौसेनं काढलेले फोटो होतेच.

"हा आधीचा, हा नंतरचा," त्यांनी नणंदेला दाखवलं.

"नंतरच्यात तर नुसताच कोट आहे, वहिनी."

"मग? दिसायला काय हवं होतं तुला?"

साइट झाली, पण फोन वाजेना. बाई सर्च इंजिनमध्ये 'कोटाचं रफू' लिहून बघत. सुयांची दुकानं येत, शिलाई मशीनच्या जाहिराती येत. वेबसाइटचा पूर्ण पत्ता टाकला की मात्र साइट उघडे.

"उघडतेय की!" नवरा म्हणे.

"अहो, पत्ता माहीत असला तर उघडेलच. ज्याला माहीत नाही त्याचं काय?"

महिन्याचा शेवटचा रविवार आला. नणंद जेवली आणि हात पुसत संगणकापाशी बसली. "ऑफिसातल्या एकीनं सांगितलंय, साइटमॅप द्यायचा. आपल्या साइटवर कोणकोणती पानं आहेत, त्यांचे पत्ते एका फाइलमध्ये असतात. ती फाइल सर्च इंजिनला दाखवायची, म्हणजे त्याला शोधत हिंडावं लागत नाही."

"म्हणजे या मजल्यावर दारं किती, ते पोस्टमनला आधीच सांगून ठेवायचं," नवरा म्हणाला.

"दादा, आज शहाण्यासारखं बोललास!"

"सांगून काय उपयोग? आपल्या दाराशी तो थांबतो कुठे?"

साइट बनवायच्या सोयीतच साइटमॅप आपोआप तयार होत होता. नणंदेनं तो उघडला. फाइलमध्ये फक्त तिनं केलेल्या दोन पानांचे पत्ते होते. कोट नाही, स्वेटर नाही, शाल नाही, गालिचा नाही.

"माझी दोन्ही पानं आहेत. तुझं एकही नाही. वहिनी, काय केलंस तू?"

बाई उठल्या. "दूध उतू जाईल, बघते."

"दूध फ्रिजमध्ये आहे," नवरा म्हणाला.

नणंदेनं कोटाचं पान उघडून खालच्या खुणा पाहिल्या. 'हे पान शोधात दाखवू नका' असा एक चौकोन होता आणि त्यात ठसठशीत बरोबरची खूण. स्वेटरच्या पानावर तेच. सगळ्याच पानांवर. ज्या पानाला ही खूण असेल, ते साइटमॅपमध्ये येतच नव्हतं.

"ही खूण कोणी केली?"

"पानं अजून आवरायची होती गं," बाई हळूच म्हणाल्या. "म्हटलं, नीट झाली की काढू. मग... आवरणं काही संपलंच नाही."

नणंद हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "दादा, हिनं सर्च इंजिनलासुद्धा झाकण घातलंय! बाहेर लोक बेल वाजवतायत आणि ही आत दोरे वेचतेय!"

"हसू नकोस. हे स्वेटरचं बघ. फोटो वाकडा आलाय, मागे लाँड्रीचं हिरवं काउंटर दिसतंय, पोपडे निघालेलं. त्यावर कपाचा डाग. असं जगाला दाखवायचं? फोटो नवा काढते, मग..."

"मग कारखान्याला हो म्हण," नणंद म्हणाली. आता ती हसत नव्हती. "तिथे तुझं कधीच कोणाला काही दिसणार नाही. ना डाग, ना काम."

बाईंनी नणंदेच्या हातातून माउस घेतला आणि एकेका पानावरची खूण काढली, शिवण उसवतात तशी, दात दाबून. गालिच्याच्या पानाशी अडखळल्या.

"हे राहू दे?"

"तेसुद्धा."

साइटमॅप पुन्हा उघडला तेव्हा सगळे पत्ते एकाखाली एक उभे होते. नणंदेनं त्याचा दुवा सर्च इंजिनकडे दिला. फाइल वाचली, असं उत्तर आलं. पानं दिसायला मात्र काही दिवस लागू शकतील.

ते दिवस बाईंनी घर पुसून काढले. शनिवारी कारखान्याला कळवायचं होतं. शुक्रवारी सकाळी नवरा डबा भरता भरता म्हणाला, "उद्या हो म्हणून टाक. पुढचं पुढे." अंथरुणं अजून तशीच पडलेली, ओट्यावर खरकटं, आणि त्यात फोन वाजला.

"तुम्ही लाँड्रीतल्या का हो? खुर्चीवर बसायच्या त्या?" आवाज खणखणीत. शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई होत्या. "अहो, किती शोधलं तुम्हाला! 'स्वेटरला कसर' असं लिहिलं तर तुमचं पान आलं. आता या धंद्यात कोण खरं, कोण खोटं? पण फोटोत ते हिरवं काउंटर दिसलं, पोपड्यांचं, आणि म्हटलं, याच त्या! मी तुमच्या इमारतीखालीच आहे. येऊ ना वर?"

बाईंनी घराकडे पाहिलं. "या," त्या म्हणाल्या.

बेल वाजली. आम्ही जिन्यात होतो म्हणून सांगते, पहिल्याच बेलला दार उघडलं. गाण्याच्या बाई पिशवीभर स्वेटर घेऊन आत शिरल्या, अंथरुणं ओलांडून थेट खिडकीच्या उजेडात गेल्या, आणि दोघींची डोकी भोकांवर वाकली. दुपारी एका गालिचेवाल्याचा फोन आला, संध्याकाळी एका कोटवाल्याचा. रात्री जेवताना नवऱ्यानं स्वतःच विषय काढला. "कारखान्याला मी सांगू, का तू सांगतेस?"

"मीच सांगते. नाही म्हणायला मला आवडेल."

रविवारी नणंद आली आणि दारातच थबकली. कामाला पांढरं, स्वच्छ कापड हवं होतं म्हणून बाईंनी सोफ्याचा अभ्रा उसवला होता, आणि आता तो खिडकीखाली पसरून त्यावर स्वेटर मांडले होते.

"अगं बाई, निळा आहे हा सोफा!"

"बस की मग," झाकणताई मान वर न करता म्हणाल्या. "फक्त सुई बघून बस."