भावाला बांधून आलेली बाई

सरकारी दवाखान्यांवरच्या खर्चाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला बैठक होती. आमच्या बोळिंजच्या सोसायटीतर्फे मीही गेलो होतो. शेजारी अर्नाळ्याची एक कोळीण बसली होती. बसली म्हणजे काय, खुर्चीच्या कडेला नुसती टेकली होती. सारखी दाराकडे बघायची आणि पदराच्या टोकाला गाठ मारून पुन्हा सोडायची. साहेबांचं प्रास्ताविक काही संपेना. शेवटी ती उभीच राहिली.

"साहेब, लवकर ऐका. भावाला घरी बांधून आलेय."

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. ती बोलतच राहिली.

"डोकं बिघडलंय त्याचं. एकटा सोडला तर भरतीच्या पान्यात चालत जातो. मुंबईला न्यायचा तर चार मानसं लागतात. आमच्या गावच्या दवाखान्यात मनाचा डॉक्टर बसवा. पगार सरकारनं द्यायचा. एवढंच मागनं हाय."

"मागणी रास्त आहे बाई, पण निधी नाही. पुढच्या वर्षी बघू."

हे 'बघू' ऐकून माझा संताप झाला. मी उठून भांडलो, आवाजही चढवला. पण साहेब पुढच्या सूचनेकडे वळले होते आणि ती दाराशी पोचली होती. मी धावत जाऊन विचारलं, "तो सुटला तर?"

"त्याला गाठ सोडता येते की. होडी बांधायची गाठ हाय ती, त्यानंच शिकवलीय मला." तिने पदर खोचला. "पन तो सोडत नाय. डॉक्टरला घेऊन येते, असं सांगून आलेय ना मी."