स्वल्प विश्रांती

आमच्या साहेबांनी उभ्या आयुष्यात कुणाला नोकरीवरून काढलं नाही. ते माणसाला केबिनमध्ये बोलवत, कॉफी मागवत, घरच्यांची चौकशी करत आणि शेवटी मायेनं कन्नडमध्ये म्हणत, "स्वल्प रेस्ट तगोळ्ळि." म्हणजे थोडी विश्रांती घ्या. ती विश्रांती दुसऱ्या दिवशी सुरू होई आणि कधीच संपत नसे. कुणाला केबिनमध्ये कॉफी गेली की बाकीचे माना खाली घालून जोरात टायपिंग करायला लागायचे.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. कोरमंगलातल्या एका भाड्याच्या बंगल्यात आम्ही अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी प्रोग्राम लिहायचो. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, कारण धूळ यंत्रांना सोसत नसे. एसीही यंत्रांसाठीच होता. आम्हाला तो फुकट मिळतो, हे साहेब अधूनमधून ऐकवत.

एकदा अमेरिकेहून गिऱ्हाईक आलं. दिवसभर कुणी खुर्चीवरून हलत नाही हे बघून ते चरकलं आणि ही माणसं उठतात कधी, असं त्यानं विचारलं. साहेबांनी थाप ठोकून दिली की उठायची आठवण करणारा प्रोग्राम तयार होतोय. तो तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काम सोपं होतं. तासभर टायपिंग चाललं की पडदा काळा करायचा आणि वर एक ओळ दाखवायची. ओळ साहेबांनी सांगितली, "स्वल्प रेस्ट तगोळ्ळि." यंत्रात कन्नड अक्षरं नव्हती, म्हणून इंग्रजी लिपीत. मी म्हटलं, सर, सरळ इंग्रजीत लिहूया का? ते म्हणाले, आपल्या भाषेत लिहिलं की मनाला भिडतं.

भिडलं. पहिल्या दिवशी पडदे काळे झाले आणि जो तो आपला खण आवरायला लागला. मग ओळ सगळ्यांनाच आलीय हे कळलं आणि हायसं वाटून सगळे दुप्पट वेगानं टायपिंगला लागले. जागचं कुणीच उठलं नाही. साहेब दारात उभे राहून म्हणाले, बघा, किती ताजेतवाने दिसताय.

त्या दिवशी अण्णा रजेवर होते. मुलीला बघायला पाहुणे आले होते. अण्णा बेळगावकडचे, पन्नाशीला टेकलेले, ऑफिसात सगळ्यांत वडीलधारे. कारखान्यातली नोकरी गेल्यावर चाळिशी उलटून कॉम्प्युटर शिकले होते. मला तंगी म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. मुलीचं लग्न ठरेपर्यंत ही नोकरी टिकली की मी सुटलो, हे त्यांनी मला कितीदा तरी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते आले, तासभर सलग काम केलं आणि त्यांच्या एकट्याच्या पडद्यावर ओळ उमटली; बाकीचे एव्हाना तास भरायच्या आत मिनिटभर हात थांबवायला शिकले होते. मी तेव्हा वर प्रिंटरपाशी होते. बाकीच्यांनी सांगितलं ते असं, की अण्णा उठले, खणातलं चष्म्याचं घर खिशात घातलं, यंत्राला नमस्कार केला आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. सगळ्यांना वाटलं, पाय मोकळे करायला चाललेत. साहेबांनी तर त्यांचं कौतुक केलं. एवढ्या ऑफिसात नियम पाळणारा एकच माणूस निघाला म्हणाले.

जेवणाची सुट्टी झाली तरी अण्णा परतले नाहीत. मी त्यांचा खण उघडला, तो रिकामा. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धावत केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. साहेब पोट धरून हसले. मग थांबले.

"राहू दे," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात मीच त्यांना सांगणार होतो. जड जात होतं."

एवढं बोलून त्यांनी कॉफी मागवली, एकच कप, स्वतःसाठी. मला इतका संताप आला की मी काहीतरी बोलून बसायच्या आत बाहेर पडले.

अण्णा बनशंकरीला आमच्या पुढच्याच रस्त्यावर राहत. संध्याकाळी गेले तर ते ओट्यावर बसलेले.

"साहेबांनी पाठवलं काय गं तुला?"

मी म्हटलं, नाही, आपणहून आले. मग ती ओळ मशीनची होती, मीच लिहिलेली, आदल्या दिवशी सगळ्यांना आली होती, हे भडाभडा सांगून टाकलं. साहेबांचं बोलणं मात्र गाळलं. अण्णांचा चेहरा बघता बघता उजळला. सगळ्यांना आलंय म्हण की, असं म्हणून ते स्वतःलाच हसले. आत बायकोला हाक मारून म्हणाले, ऐकलंस का, मी उगाच पळून आलो.

वहिनी हात पुसत दारात आल्या. त्याही हसत होत्या.

"मग उद्या डबा करू ना?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी सहज माझ्याकडे पाहिलं. हे सांगणं साहेबांचं काम होतं.

"नको, वहिनी," मी म्हटलं.