नाही म्हणायचा तास

पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासमध्ये नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. घरात कॅरीबॅगा साठतात तसे ते साठतात. टाकवत नाहीत, कामालाही येत नाहीत. मैत्रिणी म्हणतात, "सांग ना गं एखादा!" सांगते. त्या पोट धरून हसतात. मला अलीकडे तेवढं हसू येत नाही.

आमचा क्लास आळेफाट्यावर, टायरच्या दुकानाच्या वर. मी बी.ए. झालेली, म्हणून 'ट्रेनर'. विषय आत्मविश्वास! आणि मी कशी? मागून कुणी हाक मारली तरी हातातला खडू पडतो. पहिल्याच दिवशी फळ्यावर 'न घाबरता बोला' लिहीत होते, तेवढ्यात खाली टायर फुटला. मी टेबलाखाली! वर आले तर मुली शांतपणे वहीत उतरवून घेत होत्या. एकीने विचारलं, "मॅडम, हे पण करायचं का?"

मुली येतात कशाला? बहुतेकींना बघायला पाहुणे येणार असतात म्हणून. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाला बोलकी बायको लागते, असं त्यांच्या आयांचं म्हणणं.

येडगावची काजल मात्र वेगळ्या कारणाने आली. बारावीनंतर ती घरीच होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. वडील, म्हणजे नाना, म्हणाले, "आधी नीट बोलायला शिक, मग पाठवतो." ती बिचारी मन लावून शिकत होती, आणि घरात नाना स्थळं शोधत होते.

आमचे सर, म्हणजे क्लासचे मालक, शिकवतात, "समोर माणूस आला की हात पुढे! घट्ट शेकहँड!" कळंबच्या एका मुलीने ते मनावर घेतलं. पाहुणे आले, तिने चहा दिला आणि थेट मुलाच्या वडिलांपुढे हात केला. ते दचकले. मुलगी कप मागतेय असं वाटून त्यांनी कडकडीत चहा घशात ओतला आणि रिकामी कपबशी तिच्या हातात दिली! जाताना म्हणाले, "पोरगी कामाची हाय. लगेच कप उचलती." लग्न जमलं.

सरांनी सगळ्या बॅचला एकच उत्तर पाठ करून दिलंय: "माझी कमजोरी म्हणजे मी परफेक्शनिस्ट आहे." एका रविवारी एकाच घरच्या पाहुण्यांनी तीन गावांत तीन मुली बघितल्या. तिन्ही आमच्याच! तिसऱ्या घरी मुलाच्या आत्याने मुलीच्या आईला बाजूला घेतलं. "ताई, राग नका मानू. पण ह्या भागात पोरींना हे दुखणं कशानं व्हतंय? पाण्यातनं का?"

मंचरची एक मुलगी कधी मान वर करायची नाही. सरांनी तिला गृहपाठ दिला, 'रोज एका अनोळखी माणसाला स्माईल द्या.' तिने एसटीच्या कंडक्टरला दिली. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ क्लासात हजर. "ह्ये शिकवता व्हय? तिचं नाव काढून टाका!" मी टेबलामागे सरकले. सर पुढे झाले. मला वाटलं, आता मुलीची बाजू घेतील. सर म्हणाले, "भाऊ, तुम्ही बोलता फार इफेक्टिव्ह. आमचा लीडरशिपचा कोर्स करा ना!"

भावाने केला. ती पुन्हा दिसली नाही.

काजलची गोष्ट सांगायची राहिलीच. तिला बघायला पाहुणे येणार असं ठरलं, तेव्हा मी 'नाही म्हणायला शिका' हा तास घेतला. नजर समोर, मान ताठ, कारणं द्यायची नाहीत. काजलचं पहिलं नाही असं होतं: "नाय... म्हंजे तसं काय नाय... चालंल." सगळा वर्ग हसला. पण ती हटली नाही. शेवटी असं खणखणीत म्हणाली की खालून टायरवाले मामा ओरडले, "काय झालं वं?"

"नानांना सांगशील ना असंच?" मी विचारलं.

"नानांना सांगून झालं, मॅडम. त्यांना ऐकूच येत नाय. आता पावण्यांम्होरंच म्हणते. चार लोकांत म्हणलं की ऐकावंच लागंल."

मीच खडूचे तुकडे पाडत होते. ती मजेत शेंगा खात होती.

पाहुणे येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी नाना जिना चढून वर आले. "मॅडम!" माझ्या हातातलं डस्टर पडलं. आता हा माणूस मारतोय! पण त्यांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता.

"घ्या. काजलचं जमलं!"

"पण... ती काही बोलली नाही का?"

"बोलली की! मुलाच्या मामानं इचारलं, 'क्लासात काय शिकवत्यात? दाव की करून.' तर उभी ऱ्हायली. मान ताठ, डोळ्याला डोळा. म्हणली, 'मला हे लग्न करायचं नाही. मला नर्सिंगला जायचंय.' कुठं अडखळली नाय बघा!"

"मग?"

"मग काय! मामानं टाळ्या वाजवल्या. म्हणले, 'नाना, पोरगी काय तयार केलीया राव! पसंत!' आन मोबाईल काढला. 'बाळा, आजून एकदा म्हण, शूटिंग घेतो.'"

"म्हणाली?"

"म्हणली की! दुसऱ्या बारीला तर डोळ्यात पाणी बी आणलं. लई भारी शिकवता तुमी."