माझ्या सत्कारासाठी पाडलेली भोकं

सुतळीचं एक टोक तिच्या हातात होतं, दुसरं माझ्या. मधली सुतळी निळीच्या पाण्यात भिजवलेली. दोघांनी ताणून धरायची, मधे उचलून सोडायची, की सिमेंटवर सरळ रेघ उमटते. मग त्या रेघेवरून ब्रशनं पांढरा रंग मारायचा. दरवर्षी टुर्नामेंटच्या आधी कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टाच्या रेघा आम्ही नवराबायको अशाच मारायचो. कॉलेजकडं रंगारी मागून बघितला होता. आला नाही.

"ताणून धर की," मी म्हणालो.

"ताणलीच हाय. तुमीच वाकडे उभे ऱ्हायलाव," कमळ म्हणाली.

रेघ झाली. तिनं हात पदराला पुसले, पदर निळा झाला, त्यावरून मलाच बोलली. घरी जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली. दोन दिवसांनी घागर उचलताना तिच्या छातीत कळ आली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेताना रस्त्यातच संपलं.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढं जे झालं ते लोक तिच्या मरणाला चिकटवतात. चिकटवू नये. मी चिडलो ते वेगळ्या गोष्टीवर.

मी फौजेत होतो. शाळा सातवीपर्यंत. बास्केटबॉल युनिटच्या टीममध्ये शिकलो. पेन्शनीवर घरी आल्यावर आमच्या गावच्या कॉलेजात ग्राउंडमन म्हणून लागलो. वय झालं तरी मला कुणी काढलं नाही, कारण एवढ्याशा मानधनावर दुसरा मिळत नाही. कॉलेज लहान आहे, बालाघाटाच्या डोंगराला टेकलेलं. स्पोर्ट्स टीचरची जागा कित्येक वर्षं रिकामी आहे. पोरांना शिकवा असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी सहाला पोरं बॉल आपटायची, चुकीचं आपटायची, बघवायचं नाही, म्हणून शिकवायला लागलो. टीम झाली. सगळे मला भाऊ म्हणतात, पोरंही आणि प्राचार्यही.

या वर्षीची टीम बरी होती. कॅप्टन इरफान, बसस्टँडवर फळाचा गाडा आहे त्याचा पोरगा. बुटका, पण बॉल हाताला चिकटल्यासारखा. दुसरा गणेश, सगळ्यांत उंच. बॉल रिंगमध्ये न जाता बोर्डावर आपटून परत येतो, त्याला रिबाउंड म्हणतात. तो ज्याच्या हातात पडतो त्याची टीम जिंकते. आमच्याकडं तो गणेशच्या हातात पडायचा.

दिवाळी झाली आणि गणेश ऊसतोडीला गेला. दरसाल आईबाप जायचे. यंदा बापाची कंबर गेली, म्हणून आईबरोबर हा. मुकादम जोडी मोजतो. दोघं मिळून एक कोयता. एकटा माणूस गेला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. हा शब्द मी जन्मभर ऐकत आलोय. यंदा टोचला.

तर टीममधून गणेश गेला, घरातून कमळ गेली, आणि टुर्नामेंट तोंडावर आली. ती बीडला होती. तिथं नियम असा की टीमबरोबर कॉलेजचा मॅनेजर पाहिजे. मॅनेजर म्हणजे फार कुणी नाही, बेंचवर बसणारा, सही करणारा, पोरगं पडलं तर दवाखान्यात नेणारा मोठा माणूस. तो नसेल तर टीम खेळवत नाहीत. दरवर्षी एखादे सर यायचे, पेपर वाचत बसायचे. यंदा कॉलेजात तपासणीची कमिटी येणार होती. एकही सर मोकळा नाही म्हणाले.

मी सुतकात होतो. घोंगडीवर बसलेलो, लोक भेटायला येत होते. इरफान आला, दारातच उभा राहिला.

"भाऊ, तुमी येऊ नका. आमी निस्तं सांगाया आलो. यंदा खेळत न्हाई आमी."

"कावून?"

"मॅनेजर न्हाई."

"प्राचार्याला विचारलं?"

"ते म्हनले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी मी थर्ड इयर संपवून गाड्यावर आसन, भाऊ."

माझ्या मेव्हण्यानं ते ऐकलं आणि मला आधीच दम दिला, दहावा व्हायच्या आत उंबरा ओलांडला तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. माझी लेक पाटोद्याहून आलेली, भांडी घासत होती. ती तिथूनच बोलली.

"जाऊ द्या की मामा त्यांला. आईला घरात बसल्याले कवा आवडलेत ते?"

मी मॅनेजर म्हणून गेलो. मुंडण केलेलं होतं, वर फौजेतली टोपी घातली. पहिली मॅच जिंकलो. दुसरी हरलो, थोडक्यात हरलो. रिबाउंड एकही मिळाला नाही, कारण रिबाउंड घेणारा पोरगा कारखान्याच्या फडात मोळ्या बांधत होता. पण इरफान दोन्ही मॅचमध्ये असा खेळला की विद्यापीठाच्या टीमसाठी त्याला ट्रायलला बोलावलं, आणि तिथं त्याची निवड झाली. आमच्या कॉलेजातून आजवर कुणी गेलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं ठीक. इथून पुढं आमच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब जागे झाले.

इरफानचा सत्कार ठरला. मला कळलं तेव्हा मी पाटोद्याला लेकीकडं होतो. कमळचं मासिक श्राद्ध होतं, ते करून परत आलो, कॉलेजच्या गेटातून आत शिरलो, आणि समोर मंडप. कुठं घातलेला? कोर्टावर. बाकीचं मैदान पाहुण्यांच्या गाड्यांना ठेवलेलं. कोर्ट सपाट, गेटाच्या जवळ, म्हणून स्टेज तिथं. मंडपाचे लोखंडी पाइप उभे करायला ड्रिल लावून सिमेंटात भोकं पाडलेली. सगळीकडं. रिंगच्या पुढ्यात जिथं पोरगं उडी मारून खाली येतं, तिथंच जास्त. एकेका भोकापासून चिरा फुटलेल्या. कमान आमच्या रिंगच्या खांबाला आवळून बांधलेली, खांब कलला होता.

मंडपवाला दस्तगीर ओळखीचा माणूस. मी त्याची कॉलर धरली. धरायला नको होती, पण धरली.

"भाऊ, आईक तर," तो म्हणाला. "मी म्हनलतो, वाळूच्या गोण्या ठेवतो, त्यात पायपं उभी करतो. आफिसातून म्हनले, वारं लई हाय, मंडप उडून सायबाच्या अंगावर आला मंजी? पाड भोकं. मी काय करू बे?"

कॉलर सोडली. प्राचार्यांकडं गेलो. ते चहा पीत होते.

"सर, कोर्ट फोडलं."

"भाऊ, बसा. उद्या तुमचा सत्कार आहे."

"माझा?"

"तुमचा आणि इरफानचा. बॅनरवर तुमचं नाव आधी घेतलंय."

"मला सत्कार नको. मला कोर्ट पायजे. भोकात पोराचा पाय गेला तर घोटा जागेवर ऱ्हात न्हाई."

"कार्यक्रम होऊ द्या. नंतर सिमेंट टाकू."

"नंतर मंजी कवा?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. म्हणाले, बजेट, ठराव, मीटिंग. मला त्या खोलीतलं एवढंच कळलं की नंतर म्हणजे कधीच नाही.

आता हे माझ्यासाठी काय होतं ते सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारा सिमेंटावरून भांडला. दिवस कसाही जातो. लोक येतात जातात, गेट असतं, झाडू असतो. पण सकाळी सहाला घरात बसवत नाही. त्या वेळेला ती चूल पेटवायची आणि मला शिव्या देत उठवायची. त्या वेळेला मी कोर्टावर असतो म्हणून माझं चाललंय. कोर्ट गेलं की टीम गेली, टीम गेली की माझे सहा वाजायचे बंद होत नाहीत. ते रोज वाजतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्कार. मला फेटा बांधला. मी नको म्हणत होतो तरी बांधला. स्टेजवर आबासाहेबांच्या शेजारी बसवलं. आबासाहेब उठले. ते बोलायला लागले की थांबत नाहीत. म्हणाले, "हा आमचा फौजी. पत्नीची चिता विझली नव्हती, आणि हा माणूस महाविद्यालयाची इज्जत राखायला मैदानात उभा राहिला. याला म्हणतात निष्ठा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई डोळे पुसत होती. माझं डोकं फेट्याखाली तापत चाललं.

मग शाल दिली, नारळ दिला. मग म्हणाले, आता भाऊ आपल्याला या सीझनचा आढावा आणि पुढच्या सीझनबद्दल दोन शब्द सांगतील.

मी माइकसमोर उभा राहिलो. जे बोललो ते लक्षात आहे.

"आढावा सांगतो. एक जिंकलो, एक हरलो. इरफान मोठ्या टीमात गेला, ते त्याच्या मेहनतीनं. गणेश ऊस तोडतोय. मी सुतकात बीडला गेलो ते निष्ठेनं न्हाई गेलो. कॉलेजातला एक माणूस यायला तयार नव्हता म्हनून गेलो. एक जण आला असता तर मी माझ्या बायकोच्या दहाव्यापर्यंत घरात बसलो असतो. आता पुढचा सीझन. पुढचा सीझन न्हाई. ज्या कोर्टावर तुमी बसलाव त्याला भोकं पाडलीत. खुर्चीखाली बघा, दिसतील."

काही लोकांनी खरंच खुर्चीखाली बघितलं.

मला वाटलं, आता भांडण होईल. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. आबासाहेब उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, माइक हळूच स्वतःकडं घेतला आणि म्हणाले, "भाऊ भावुक झाले आहेत. दुःख मोठं आहे. आपण समजून घेऊ."

आणि लोकांनी परत टाळ्या वाजवल्या. आधीपेक्षा जास्त.

मग त्यांनी जाहीर केलं की इथंच इनडोअर स्टेडियम बांधू. पुन्हा टाळ्या. मी शाल अंगावर घेऊन उभा. सांगतो, मला आयुष्यात कुणी एवढं गप्प केलं नाही. फौजेत मेजरनं आई-बहिणीवरून शिव्या दिल्या, त्याचं काही वाटलं नाही, कारण तो निदान माझं म्हणणं ऐकून शिव्या द्यायचा. इथं मी चिडून खरं बोललो आणि त्यांनी ते माझ्या बायकोच्या खात्यावर टाकलं. विधुर माणूस चिडत नसतो, नुसता रडत असतो, असं ठरलंय लोकांचं. प्राचार्य खाली भेटले, तेही हात दाबून म्हणाले, मन मोकळं झालं ना, बरं झालं. मी हात सोडवून घेतला.

इरफान गेटापाशी होता, हातात त्याचा नारळ.

"भाऊ, इनडोअर कवा व्हईल?"

"तुझ्या नातवाला विचार."

तो हसला. मग म्हणाला, "उद्या सहाला येऊ का नको?"

"ये. सगळ्यांना घेऊन ये. बॉल जेवढे हायत तेवढे आणा."

संध्याकाळपर्यंत दस्तगीरनं मंडप उतरवला, पाइप काढले. भोकं राहिली.

सकाळी पोरं आली. मी त्यांना कोर्टावर नेलं नाही. गावात दुसरं सपाट सिमेंट मला एकच माहीत होतं, आबासाहेबांच्या बंगल्याचं अंगण. नवीन केलेलं, गाड्या लावायला. दूधवाल्यानं गेट उघडंच ठेवलेलं. आम्ही आत गेलो, गाड्यांच्या मधल्या जागेत रांग लावली आणि ड्रिब्लिंग चालू केलं. ड्रिब्लिंग म्हणजे बॉल जमिनीवर आपटत पुढं न्यायचा. एक पोरगा करत असेल तर कुणाला त्रास नाही. सगळी टीम एकदम सिमेंटवर करायला लागली की खिडक्यांच्या काचा वाजतात. कुत्रं आधी भुंकलं, मग गाडीखाली जाऊन बसलं.

आबासाहेब बनियनवर बाहेर आले.

"भाऊ, हे काय?"

"सराव."

"इथं?"

"कोर्टाला भोकं हायत. तुमच्या दारात न्हाईत."

ते माझ्याजवळ आले, आवाज खाली केला. "भाऊ, तब्येत बरी आहे ना? घरी कोणी आहे का तुमच्याजवळ?"

"घरी कुनी न्हाई. म्हनून तर सहाला येतो. आन् साहेब, मी भावुक झालेलो न्हाई. मी चिडलोय. ह्यो चिडलेला मानूस हाय, नीट बघून घ्या. इरफान, डावा हात."

पोरांनी हात बदलले. शेजारच्या गच्चीवर दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. आबासाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग आत जाऊन फोन घेऊन आले. प्राचार्यांना उठवलं. एवढं ऐकू आलं की, "ठराव बिराव नंतर करा. आधी गवंडी पाठवा."

मी पोरांना थांबवलं नाही. गवंडी निघाला असा उलटा फोन येईपर्यंत थांबवणार नव्हतो. तो फोन आला तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं, तेव्हा कुठं बॉल थांबवले. मग आबासाहेबांना म्हणालो, भोकांचं झालं, आता पुढच्या टुर्नामेंटला मॅनेजर कोण ते सांगा. ते म्हणाले, बघू.

या सगळ्यातून मी शिकलो ते एवढंच. कुणी तुमचा सत्कार करायला आलं तर शाल कसली विचारू नका, मंडप कुठं घालणार ते विचारा.

आणि "बघू" म्हणाल्यावर मी पोरांना परत रांगेत उभं केलं, उजव्या हातापासून.